टॉवरखालचं पान

८ सप्टेंबर, सोमवार

पलासियाच्या त्या बाईचं नाव मी इथे लिहिणार नाही, वही नवी आहे, पहिल्याच पानावर घाण कशाला. इतकी वर्षं तिच्याकडे स्वयंपाक केला आणि शेवटी ऐकायला काय मिळालं, तर शारदा हिंग फार घालते म्हणून साहेबांचं पोट बिघडतं. साहेब रात्री सराफ्यातल्या गाड्यांवर उभे राहून काय काय गिळून येतात ते नाही दिसत, माझा हिंग तेवढा दिसला. तोंडावर सांगून काम सोडलं. बरं झालं सोडलं.

कारण आज मी शहराबाहेर राऊला, माझ्या स्वतःच्या खोलीत बसून लिहिते आहे. खोली गच्चीवर. नळ आपला, दार आपलं, खिडकीतून हवा अशी की पंखा लावायला नको. परदेशीपुऱ्यात जन्म गेला, भिंतीला भिंत, शेजारी खोकला की आपण पाणी प्यायचं. इथे उघडं आभाळ. गच्चीवरच मोबाइलचा टॉवर आहे, लाल-पांढरा, उंच. त्याचा एक पाय माझ्या दारापासून हाताच्या अंतरावर. मी त्याला ओला टॉवेल अडकवला. पहिल्याच दिवशी कामाला लावला लेकाला.

घर प्रतापरावांचं. त्यांचे आजोबा होळकरांच्या फौजेत होते, मिशी अजून तशीच ठेवली आहे, खाली माणूस मात्र उरलेला नाही, नुसती हाडं. खाटेशेजारी सलाइनचा दांडा. सगळे त्यांना बाबा म्हणतात, मीही म्हणते. मुलगा यशवर्धनदादा, सून श्रेयावहिनी. बाबांची बायको, वसुधाबाई, दोन वर्षांपूर्वी गेल्या. काम मंगलानं मिळवून दिलं, माझी मावसबहीण. आधी तीच इथे होती, गुडघ्यांमुळे सोडलं म्हणाली.

पितृपक्ष आजच लागला. या दिवसांत कोणी नवं काम धरत नाही, मी म्हटलंही की नवरात्रात येते. पण वहिनींना घाई. आणि विचारलं काय, तर एकच: नवरा आहे ना? म्हटलं, आहे, देवासला दुसरी करून बसला आहे, पण आहे. वहिनींचा चेहरा असा उजळला जसं मी लॉटरीचं तिकीट दाखवलं. आजपर्यंत माझ्या त्या नालायकाची कोणाला एवढी किंमत वाटली नव्हती.

वही वहिनींनीच दिली. पुढच्या पानांवर बाबांच्या गोळ्या आणि खाणंपिणं लिहायचं, दादा रोज बघतात. मागची पानं माझी. पाचवीपर्यंत शिकले, पण अक्षर बरं आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

इथली रीत लिहून ठेवते. दुपारी स्वयंपाक झाला की वहिनी केळीच्या पानावर भात, वडा, खीर, आमसुलाची चटणी वाढतात आणि गच्चीवर कठड्याजवळ ठेवतात. कावळ्याचं पान. आमच्याकडेही श्राद्धाच्या दिवशी ठेवतात, इथे मात्र रोज. काव काव करून हाका मारायच्या, मग वाट बघायची.

कावळे येत नाहीत. शेजारच्या यशोधराबाईंच्या पाण्याच्या टाकीवर ओळीनं बसतात, पानाकडे बघतात, पण मधली हात-दोन हात हवा ओलांडत नाहीत. मी खडा मारून बघितला. उडाले, फिरले, पुन्हा तिथेच.

मग वहिनींनी पान उचलून खाली नेलं. म्हटलं गाईला घालत असतील.

एक गोष्ट लिहिण्यासारखी. माझं ताट वहिनी स्वतः वाढतात. मालकीण वाढते आणि कामवाली पाटावर बसते! मला ओशाळल्यासारखं झालं. म्हणाल्या, अहो शारदाबाई, तुम्ही सवाष्ण, बसा हो आरामात. भात जरा वाळलेला होता, वड्याला ऊन लागल्यासारखी चव. पण एवढ्या मानाला नाव ठेवणारी मी कोण. माझं जेवण झालं आणि आतून बाबांनी हाक मारली, जेवायला वाढा म्हणून. दोन पोळ्या खाल्ल्या त्यांनी! दादा ऑफिसातून फोन करून विचारत होते, शारदाबाई जेवल्या का? बाबांचं नंतर विचारलं.

१० सप्टेंबर, बुधवार

दातांत गुणगुणतं आहे. कानात नाही, दातांत. जसं दूर कुठे गिरणी चालू आहे आणि तिचा पट्टा आपल्या जबड्यातून जातो आहे.

यशोधराबाईंना सांगितलं तर त्या चिकटल्याच. म्हणाल्या, वसुधाकाकूंचंही असंच सुरू झालं होतं. आधी दात, मग डोकं, मग झोप गेली. काकू म्हणायच्या टॉवरमुळे. डॉक्टर म्हणाले तसं काही नसतं, पोरगा म्हणाला आईचं मन लागत नाही. शेवटी डोक्याला पदर घट्ट बांधून बसलेल्या असायच्या आणि तशाच गेल्या. यशोधराबाईंनी आता सरकारकडे तक्रार केली आहे, उद्या तपासायला माणूस येणार.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मोबाइल तर सगळेच कानाला चिकटवून झोपतात, यशोधराबाईसुद्धा. एक लवंग दाताखाली धरली. बाबांनी आज पोळी, भाजी, वाटीभर खीर घेतली. सलाइनचा दांडा कोपऱ्यात सरकवला.

११ सप्टेंबर, गुरुवार

सरकारी माणूस आला. गळ्यात पट्टा, हातात काठीवर बसवलेलं यंत्र. माझ्या खोलीच्या दाराशी उभा राहिला, कठड्याशी उभा राहिला, यंत्र उंच केलं, आकडे बघितले. दादांनी सुट्टी घेतली होती, त्याला पोहे, वर सेव, वर चहा. जावयाचाही होत नाही असा पाहुणचार.

त्यानं समजावलं ते मला कळलं तसं लिहिते. सरकारनं मर्यादा घालून दिली आहे. कंपनी स्वतः लिहून देते की आम्ही मर्यादेत आहोत, आणि मधून मधून हे लोक तपासतात. मी म्हटलं, म्हणजे चोरानंच लिहून द्यायचं की मी चोरी केली नाही? तो हसला. म्हणाला, माताजी, सब लिमिट के अंदर है, बहुत अंदर. एवढ्यानं कोणाला काही होतं असं सिद्ध झालेलं नाही. यशोधराबाईंनी विचारलं, मग काही होत नाही असं लिहून द्याल? तो म्हणाला, मी आकडा लिहून देतो, यंत्र आकडाच मोजतं. माणूस खोटा नव्हता. त्याला जेवढं विचारायला सांगितलं होतं तेवढंच त्याच्या यंत्राला विचारता येत होतं.

जाताना मी त्याला टाकीवरचे कावळे दाखवले. म्हटलं, साहेब, कावळ्यांची मर्यादा किती? दादा एकदम म्हणाले, शारदाबाई, खाली जा. आवाज असा की मी गेले.

१३ सप्टेंबर, शनिवार

काल लिहिलं नाही. भूक फार लागते. जेवून उठते आणि हात धुताना पुन्हा पोटात खड्डा.

सकाळी बाबांचा चहा केला, सुंठ घालून, साखर अगदी कमी, बशीत अर्धा ओतून निववून. त्यांच्यापुढे ठेवल्यावर लक्षात आलं, हे मला कोणी सांगितलेलं नाही. मी तर सगळ्यांना आल्याचा चहा करते. बाबांनी बशी उचलली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, किती दिवस लावलेस.

दुपारी दादा जिन्यावर घाईत होते, चपलेचा पट्टा सुटलेला. मी मागून म्हटलं, गोट्या, पडशील. तोंडातून गेलं. पुढच्या महिन्यात पन्नाशी गाठेल असा माणूस, मी त्याला गोट्या कशाला म्हणू? दादा भिंतीला टेकले. ओठ पांढरे. मग वहिनींकडे बघून हळूच म्हणाले, झालं सुरू.

काय सुरू झालं? विचारलं तर दोघं खोलीत गेले आणि कडी लावली. मला अशा कड्या आवडत नाहीत. मला तोंडावर सांगा.

१४ सप्टेंबर, रविवार

यशोधराबाईंना गाठलं. कपडे वाळत घालता घालता सगळं काढून घेतलं.

वसुधाबाईंच्या दहाव्याला सगळे उज्जैनला शिप्रेवर गेले होते. पिंड ठेवला. कावळे आजूबाजूला ढीगभर, पण एक शिवेना. नातेवाईक एकेक पुढे होऊन बोलले, बाबांना सांभाळू, दिवसवार करू, तुझे दागिने नातीला देऊ. काही नाही. ऊन चढलं. शेवटी कोणीतरी म्हणालं, अरे यशवर्धन, तिचं काय अडलं आहे ते तुला माहीत आहे, बोल ना. दादा हात जोडून मोठ्यानं म्हणाले, आई, टॉवर उतरवतो. बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा आला आणि पिंड फोडला. बायका रडल्या. यशोधराबाईंनी डोळ्यांनी बघितलं.

आणि परत आल्यावर? कंपनीचा करार संपत आला होता, दादांनी नवा केला. भाडं कोणाला नको आहे. यशोधराबाईंनी टोकलं तेव्हा म्हणाले, काकू, सरकारच म्हणतं सगळं मर्यादेत आहे, मग काढू कशाला, दुःखात माणूस काहीही बोलतो.

म्हणजे आईला दिलेला शब्द यंत्रानं मोजून घेतला. तोही मर्यादेतच निघाला असेल.

मला राग आला. एवढा का आला, माझी कोण ती? पण असा आला की भांडी घासताना वाटी हातात चेपली.

१५ सप्टेंबर, सोमवार, अविधवा नवमी

आज वसुधाबाईंचं श्राद्ध, नवऱ्याच्या आधी गेल्या म्हणून नवमीला. सवाष्ण मी. वहिनींनी साडी नेसायला दिली, मोरपंखी, घडीवर डांबरगोळीचा वास. ब्लाउज माझ्या अंगात बरोबर बसला. पाट मांडला, ओटी भरली. बाबा खुर्चीवर येऊन बसले, मिशीला तेल लावून. माझ्याकडे असं बघत होते की मला पदर पुढे ओढावा लागला.

जेवायच्या आधी म्हटलं गच्चीवरचा टॉवेल काढून आणावा. वर गेले. वहिनी कठड्याजवळ पाठमोऱ्या. कावळ्याचं पान उचललं, आणि त्यावरचा भात, खीर, वडा, सगळं दोन्ही हातांनी निपटून एका ताटात केलं. ताट माझं. कडेला पोचा आहे ते.

रोज. पहिल्या दिवसापासून.

मी ओरडले. वहिनी रडायला लागल्या, पाय धरले. गेल्या वर्षी कावळा आला नाही आणि त्या दिवसापासून बाबांनी अन्न सोडलं. ताट पुढे केलं की म्हणायचे, आधी तिला वाढा. मंगलानं एकदा चुकून कावळ्याचं पान खाल्लं, आणि बाबा जेवले, मग रोज तिलाच ते वाढलं. म्हणून. फक्त म्हणून. शारदाबाई, तुम्ही नाही खाल्लंत तर ते मरतील हो, असं म्हणाल्या.

मला मान दिला नव्हता. मला कावळा केलं होतं.

आणि मी काय केलं? लिहायला लाज वाटते. ताट तिच्या हातातून ओढून घेतलं आणि उभ्यानं खाल्लं. सगळं. भूक लागली होती.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळीच परदेशीपुऱ्याला गेले, मंगलाकडे. मला बघून तिनं पोळी तव्यावर तशीच जळू दिली. तिच्या कपाळावर कुंकू नाही. भावजी आषाढात गेले, मला कळवलंसुद्धा नाही तिनं. गुडघे बिडघे काही नाही, पायऱ्या धडाधड उतरते.

म्हणाली, शारदा, तिला सवाष्णच लागते. माझं कुंकू पुसलं त्या दिवशी तिनं मला सोडलं, पान नुसतं शिळं लागलं तोंडाला. बाबा पुन्हा सलाइनवर गेले. तेव्हा वहिनी घरी आल्या, म्हणाल्या, बदली दे. तूच एक होतीस, कुंकवाची आणि मागेपुढे कोणी विचारणारं नसलेली.

मी म्हटलं, तू विचारणारी होतीस ना?

तिनं जळलेली पोळी तव्यावरून काढली. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलो. वडा मला ठेवायची ती. मला भुताची भीती नाही वाटत, मला त्या वड्याची आठवण नको वाटते.

बाहेर आले तर गल्लीत तारेवर कावळे. मी जवळ गेले आणि सगळे एकदम उडाले. पुढच्या तारेवरचेही. मी जाईन तिथलं आभाळ मोकळं होतं आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

ठरवलं, खायचं नाही. खोलीचं दार लावून बसले, लवंग दाताखाली. खाली बाबांनी ताट लोटलं, वाटी पडल्याचा आवाज आला. वहिनी दाराशी येऊन रडल्या, दादा म्हणाले समजून घ्या. मीच किती समजून घेऊ?

पिशवी भरली. राऊच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिले, बस आली, दांडा धरला, हे नक्की आठवतं. दांडा गरम होता, गुणगुणत होता —

मग टॉवरचा पाय धरलेला होता. गच्चीवर, भर दुपारी. समोर पान. रिकामं. हाताला खीर.

बाबा जेवले म्हणे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

माझं कपाळ मी पुसून बघितलं. मंगला सुटली तशी सुटेन म्हणून. साबणानं घासलं, पदरानं घासलं. आरशात बघितलं तर कुंकू होतं. मोठं. मी टिकली लावते. एवढं मोठं मी कधी —

आज पहिल्यांदा एक कावळा गच्चीवर उतरला. माझ्यासमोर. मी उकिडवी, हात पाठीमागे, तोंड पानात. त्यानं मान वाकडी करून बघितलं. घाबरला नाही. आपल्यातलं कोणी आहे असं बघितलं.

दात थांबत नाहीत.

१९, शुक्रवार

डोक्याला पदर बांधला आहे. बरं वाटतं. सून म्हणाली सासूबाई अशाच बांधायच्या. मला माहीत आहे मी कशी बांधायचे —

नाही. शारदा. माझं नाव शारदा. परदेशीपुरा. पाचवी. हिंग.

रात्री दादा पुढची पानं वाचतात, गोळ्या दिल्या का, जेवले का, सही करतात. मागे उलटून बघत नाहीत. मी इथे मरते आहे असं मागच्या पानांवर लिहिलं तरी कोणाला —

मग पुढच्या पानावर लिहायचं. सोपं आहे. आम्हा दोघींना आधी सुचलं नाही.

२०, शनिवार. बाबा: दोन पोळ्या, वरण, खीर. गोळ्या दिल्या.

गोट्या, सही करायच्या आधी वाच.

तो सरकारी माणूस चांगला होता, मला त्याच्यावर राग नाही. त्याच्या कागदावर मर्यादा आहे ती भिंतीची, हवेची. तू शब्द दिलास तो कोणत्या मर्यादेत होता? मी मेले ते टॉवरनं की नाही, नको सांगू, मलाही माहीत नाही. तू घाटावर बोललास, चार माणसांत, कावळ्याला साक्षी ठेवून. मी विश्वास ठेवला आणि पिंड घेऊन उठले. नाहीतर उठले नसते.

आणि ही शारदा. हिला तुम्ही पाट मांडून फसवलं. ही आणि मी आता भांडत नाही, आमचं दोघींचं म्हणणं एकच आहे, अक्षर पण बघ, एकच आहे.

उद्या रविवार, सर्वपित्री अमावास्या. पान वर जायच्या आत उत्तर पाहिजे. टॉवर उतरवायला माणूस बोलावला की नाही, हो का नाही, याच पानावर, सहीच्या जागी लिही. मर्यादा लिहू नकोस.

नाही म्हणालास तर शारदा जाईल. मी सोडते तिला, बस पकडून देते. तिचं पान ती खाणार नाही. पण पान तर कोणीतरी खायला पाहिजे ना, बाबांना भूक लागते. आणि सवाष्ण शोधायला तुला परदेशीपुऱ्यात जायची गरज नाही, घरातच आहे की. आताच स्वयंपाकघरात उभी आहे ती, पाठमोरी, कढईतली खीर ढवळते आहे आणि मघापासून दाताखाली लवंग —